अक्कांनी न घेतलेला आक्षेप

अक्कांच्या फाटकावर पाटी होती, पण पाटीवर नाव नव्हतं. कानडीत आणि इंग्रजीत नुसतं 'वकील', एवढंच. मल्लेश्वरमच्या त्या आडव्या रस्त्यावर दाताचे डॉक्टर होते, वीणेचा क्लास होता, एक चार्टर्ड अकाउंटंट होता आणि सगळ्यांच्या पाट्यांवर नावं आणि नावांपुढे पदव्यांची रांग होती. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "नाव वाचून येणारा मनुष्य वकील शोधत नाही गे, मोठा वकील शोधतो. त्याला मी काय करू?"

सगळे त्यांना अक्का म्हणत. समोरची इस्त्रीवाली, कोर्टातले शिपाई, विरुद्ध बाजूचे वकीलसुद्धा. त्यांचे पूर्वज कधीतरी मराठी मुलखातून इकडे आले आणि राहिले. कोणाबरोबर आले, का आले, हे घरात कोणालाच धड ठाऊक नव्हतं. मराठी तेवढं घरात टिकून राहिलं होतं, त्यात पिढ्यापिढ्यांचं कानडी मुरलेलं. 'थोडं थांब' असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. 'स्वल्प थांब' म्हणायच्या.

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा आधी दोन वकील करून झाले होते. करून म्हणजे, भेटून. एकाचं ऑफिस काचेचं होतं आणि त्यानं माझं बोलणं पुरतं व्हायच्या आत "मॅडम, जे देतायत ते घ्या, नवीन जॉब बघा" असं सांगून लिफ्टपर्यंत पोचवलं होतं. दुसरा फार सहानुभूतीनं बोलला, इतक्या, की मला घरी येऊन रडू आलं. मग नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाच्या सासूबाई, इथल्याच जुन्या मराठी घरातल्या, म्हणाल्या, "मल्लेश्वरमला एक आहे. नोकरीतून काढलेल्यांच्याच केसेस घेते. पण स्वल्प विक्षिप्त आहे हं. चालेल का?"

नितीन, माझा नवरा, म्हणाला, "आता आणखी काय विक्षिप्त व्हायचं राहिलंय?"

माझ्यापुरतं ते खरं होतं. मी एका मोठ्या सराफी दुकानात बांगड्यांच्या काउंटरवर होते. नागपूरहून लग्न होऊन बंगळुरूला आले, सुरुवातीला कानडीचा गंध नव्हता, आणि तरी त्या काउंटरवर माझं बस्तान बसलं, कारण बांगडी भरताना फार बोलावं लागत नाही. समोरच्या हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवायची, अंगठ्याखालचं हाड हलकेच आत दाबायचं, आणि बाई स्वतःच्या मुलीबद्दल काहीतरी सांगत असतानाच बांगडी मनगटावर उतरवायची. दुखायला नको, आणि ती बघत असतानाही व्हायला नको. मला ते काम मनापासून आवडायचं.

मग माझ्या बोटांच्या टोकांवर पांढरे डाग आले. कोड. आधी नखांच्या कडेला, मग पेरांवर, मग तळहाताच्या मागे. डॉक्टरांनी सांगितलं, संसर्गाचं काही नाही. दुकानात आधी मेकअप लावायला सांगितलं. तो दुपारपर्यंत सोन्याला लागायचा. मग मखमली हातमोजे दिले. हातमोज्यांनी हाड सापडत नाही आणि कड्याचा स्क्रू फिरत नाही. मग मला मागच्या खोलीत दागिन्यांना चिठ्ठ्या बांधायला बसवलं. आणि एक दिवस मॅनेजरनं राजीनाम्याचा टाइप केलेला कागद पुढं ठेवला. मी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी माझं कार्ड दाराला लावलं तर दार उघडलं नाही. सिक्युरिटीवाला रोज मला 'अक्का, ऊट आयता' म्हणजे ताई, जेवलात का, असं विचारायचा. त्या दिवशी तो बुटांकडे बघत उभा राहिला.

तर अक्कांकडे पहिल्यांदा गेले तेव्हा थंडी होती. अवरेकाळूचा हंगाम. आपल्याकडे वालाचं बिरडं सोलतात, तसं इथं हे दाणे भिजवून, दोन बोटांत चिमटून साल उडवतात. व्हरांड्यात एक टेबल, दोन वेताच्या खुर्च्या, भिंतीला कायद्याची पुस्तकं आणि टेबलावर दाण्यांचं पातेलं. अक्का साठी ओलांडलेल्या, बुटक्या, चष्म्याला काळी दोरी, सुती साडी आणि पायात पुरुषी सँडल. मी ओढणीखाली हात घेऊन बसले. तेव्हा मी सगळीकडे तशीच बसायची.

त्यांनी एक ताट माझ्यासमोर सरकवलं. "सोल."

"मी?"

"मग काय, तुझे साहेब येणारेत सोलायला?"

"मी माझ्या केसबद्दल..."

"हो गे. सोलता सोलता सांग. हात रिकामे असले की माणूस भाषण करतो. मला भाषण नको."

हात बाहेर काढावेच लागले. त्यांनी बघितलं, न बघितल्यासारखं केलं असंही नाही. बघितलं आणि पुढचा दाणा चिमटला. मी सांगत गेले. मध्ये मध्ये त्या एखादाच प्रश्न विचारायच्या. हातमोजे कुठल्या रंगाचे, कागद कोणत्या हातानं पुढं केला, मॅनेजर उभा होता की बसलेला. माझं सांगून झालं तेव्हा पातेलं संपलं होतं. त्यांनी माझे दाणे आणि त्यांचे दाणे एकाच भांड्यात ओतले.

त्या वेळेपर्यंत मला एका गोष्टीची सवय झाली होती. माझ्या हातचं काही पुढं आलं की लोक क्षणभर थबकायचे. हळदीकुंकवाला, बिल्डिंगमधल्या भिशीला, कधी कधी घरच्याच माणसांत. दुसऱ्या दिवशी कागद द्यायला गेले तर अक्का जेवत होत्या. मलाही वाटीत हुळी वाढली, त्यांच्याकडची ती दाटसर आमटी, आणि म्हणाल्या, "तूच सोललेत. बरीच सालं राहिलीत तुझी. दातात अडकतात."

इतक्या महिन्यांत माझ्या हातांबद्दल कोणी केलेली ती पहिली साधी तक्रार होती.

पण त्यांनी केस घेतली नव्हती अजून. त्यासाठी एक परीक्षा असायची. ती त्यांनी प्रत्येक अशिलाची घेतली, हे मला नंतर कळलं. पुष्कळ लोक त्यातच उठून गेले. जेवण झाल्यावर हात पुसत त्या म्हणाल्या, "ऊठ. त्या दुसऱ्या खुर्चीत बस."

"का?"

"ती तुझ्या साहेबांची खुर्ची. आता तू दुकानाचा मालक. मला वकील लावायला आलायस. सांग साहेब, त्या बाईला का काढलंस?"

मला हसू आलं. मी मालकाच्या आवाजात, थोडी चेष्टा करत बोलायला लागले. की दागिना ही शुभ गोष्ट. लग्नाची खरेदी असते. मुलगी असते, तिची आई असते, होणारी सासू असते. त्यांच्या मनात काही आलं तर त्या तोंडानं बोलत नाहीत, उठून समोरच्या दुकानात जातात. मी काय करू? मी तिला घरी नव्हतं पाठवलं, आत काम दिलं होतं. पगार तोच दिला. दुकानाच्या कार्यक्रमाला बोलावलं. तिलाच नको झालं. मी काही वाईट माणूस नाही...

कधी चेष्टा थांबली ते कळलं नाही. ते सगळं इतकं बरोबर लागोपाठ बाहेर आलं होतं, जणू मीच ते बसून ठरवलं होतं.

"चांगलं बोललास," अक्का म्हणाल्या. "स्वल्प पाणी पी. आता तुझ्या खुर्चीत ये."

मी आले. त्या बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझे साहेब वाईट नाहीत, हे डोक्यात ठेव. वाईट माणसाशी भांडणं सोपं. हा घाबरलेला आहे. गिऱ्हाइकाला घाबरलेला."

"मग मी काय करायचं?"

"त्यानं घाबरावं की नाही ते त्याचं तो बघेल. पण भीती त्याची आणि घरी तू बसायचं, हे का, एवढंच आपण विचारायचं." मग एकदम माझ्याकडे वळून, "तुला काय हवंय? भरपाई हवी, माफी हवी की काउंटर हवा? तिन्ही एकदम मागणार असशील तर मी नाही."

"काउंटर."

"का?"

मी त्यांना बांगडी भरण्याबद्दल सांगितलं. पिशवी, हाड, बाईचं बोलणं, सगळं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग म्हणाल्या, "सरी. बरं, घेतलं तुला."

मी घरी येऊन नितीनला सांगितलं, वकील ठरला. तो म्हणाला, तू ठरवलास की त्यांनी?

अक्कांचं सगळंच असं होतं. केस जिंकू का, असं विचारलं की म्हणायच्या, "हवामान खात्याला विचार." फोन उचलायच्या नाहीत. फोन पुस्तकांच्या मागे वाजत राहायचा आणि त्या म्हणायच्या, "ज्याला खरंच गरज आहे तो चालत येईल." यावर माझं आणि त्यांचं भांडण झालं होतं, कारण बेलंदूरच्या आमच्या घरून मल्लेश्वरमला चालत येता येत नाही, दोन बस बदलून अर्धी सकाळ जाते. त्यांनी ते मान्य केलं आणि तरी फोन उचलला नाही. विरुद्ध पक्षाला त्या नेहमी अदबीनं 'तुमचे साहेब', 'त्यांचे मॅनेजरसाहेब' असं म्हणायच्या. शिव्या फक्त अशिलांना. मी एकदा सुनावणीला उशिरा पोचले तर कोर्टाच्या जिन्यात सगळ्यांसमोर मला असं फैलावर घेतलं की विरुद्ध बाजूच्या वकिलानंच मला पाणी आणून दिलं.

त्यांच्याबद्दल एक गोष्ट सगळे सांगायचे. यशवंतपूरच्या घाऊक बाजारातल्या एका हमालाची केस त्यांच्याकडे होती. पाठ गेली म्हणून त्याला काढलं होतं, आणि मालकाचं म्हणणं असं की पोती काही जड नसतात. अक्का एका सकाळी बाजारात गेल्या, साडीचा पदर खोचला आणि म्हणाल्या, ठेवा माझ्या पाठीवर. लोकांनी समजावलं. ऐकेनात. शेवटी कोणीतरी अर्धं रिकामं करून एक कांद्याचं पोतं त्यांच्या पाठीवर टेकवलं, आणि अक्का तिथल्या तिथं बसल्या. पुढं कित्येक दिवस त्या कोर्टात वाकून उभ्या राहायच्या. मी त्यांना म्हटलं, हे करायची काय गरज होती? कागदावर वजन होतंच ना?

"होतं. पण मी कागदावरून 'जड' म्हटलं असतं तर न्यायाधीशांना ते ऐकू आलं असतं. आता मी 'जड' म्हणते तेव्हा त्यांना दिसतं."

आणि एकदा आनेकलकडच्या एका शिलाई कारखान्यातल्या बायका आल्या होत्या. मी व्हरांड्यात बसले होते. दहा-बारा जणी पायऱ्यांवर बसल्या. त्यांची पुढारीण खणखणीत आवाजात सगळं सांगत होती, संडासला जाऊ देत नाहीत, गेलं तर सुपरवायझर दारात उभा राहतो. अक्का ऐकत होत्या, पण बघत होत्या भलतीकडेच. कडेला एक बाई चपलेचा पट्टा नीट करत बसली होती, एक अक्षर बोलत नव्हती. पुढारीण थांबली तेव्हा अक्का त्या बाईला म्हणाल्या, "तू सांग अम्मा. तुझ्याशीच झालंय ना?" ती बाई उठून फाटकापर्यंत गेली. मग ती परत आली आणि अक्कांच्या कानाशी वाकून बोलली. अक्कांनी त्या दिवशी बाकी कोणाला भेटायचं नाही म्हणून फाटकाला आतून कडी घातली. मलाही घरी पाठवलं.

माझ्या केसमध्ये कंपनीचं पहिलं म्हणणं मला फार हास्यास्पद वाटलं होतं. ते म्हणत होते, मी कामगारच नाही. माझ्या पदाचं नाव 'सीनियर सेल्स एक्झिक्युटिव्ह', मग मी अधिकारी, मग मला कामगार कोर्टात यायचा हक्कच नाही. मला तर हे पद मिळालं तेव्हा आईनं नागपूरला पेढे वाटले होते. अक्का म्हणाल्या, "पेढे राहू देत. सकाळी शटर वर गेल्यापासून काय करतेस ते सांग."

मी सांगितलं. तिजोरीतून ट्रे काढते, मोजून लावते, मऊ ब्रशनं पुसते, बांगडी भरते, काढते, काट्यावर ठेवते, बिल लिहिते, चिठ्ठी बांधते, रात्री परत ट्रे लावते.

"आणि कोणाला कामावर ठेवतेस? काढतेस? कोणाची रजा मंजूर करतेस?"

"माझीच होत नाही."

"मग हे सगळं कशानं करतेस?"

"हातानं."

"झालं तर," अक्का म्हणाल्या. "हातानं काम करणारी बाई आहेस तू. हेच आपण सांगायचं."

कामगार खात्याच्या अधिकाऱ्यापुढं समेटाच्या बैठका झाल्या. कंपनीनं आतल्या खोलीतलं काम पुन्हा देऊ केलं. अक्कांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि त्या अधिकाऱ्याला म्हणाल्या, "माझ्या अशिलाला खोली नको, काउंटर हवा. लिहून घ्या." प्रकरण कोर्टात गेलं. मग तारखा. त्या काळात घरी काही सोपं नव्हतं. नितीन कधी कंटाळायचा, कधी माझ्याहून जास्त चिडायचा. सासूबाई पुण्याहून फोनवर विचारायच्या, "अजून चाललंच आहे का ते?" 'ते' म्हणजे केस की डाग, हे मी कधी विचारलं नाही.

आणि मग माझ्या साक्षीचा दिवस आला.

विरुद्ध बाजूचा वकील तरुण होता, हळू आवाजात, अतिशय सभ्यपणे बोलायचा. त्यानं माझं पद विचारलं, पगार किती वर्षांनी वाढला ते विचारलं, आणि मग म्हणाला, "मॅडम, तुमचे हात जरा कोर्टाला दाखवाल का?"

मी अक्कांकडे बघितलं. ही बाई एरवी प्रत्येक गोष्टीला आक्षेप घ्यायची. प्रश्नाला, प्रश्नाच्या सुराला, एकदा तर पंख्याच्या आवाजाला. त्या उभ्या राहतील, मोठ्यानं काहीतरी म्हणतील, आणि मला हे करावं लागणार नाही, अशी माझी खात्री होती. अक्का चष्मा पुसत होत्या. मान वर केली नाही.

मी हात वर केले. आधी पालथे, मग उताणे. सगळं कोर्ट बघत होतं. मागच्या बाकावर दुसऱ्या कुठल्या केसचे लोक होते, तेही मान उंच करून बघत होते. न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी बघितलं, काहीतरी लिहिलं, आणि म्हणाल्या, "ठीक आहे." मी हात खाली घेतले आणि कठड्याला धरलं.

बाहेर आल्यावर मी अक्कांना मागे सोडून सरळ बस गाठली. घरी आल्यावर नितीन म्हणाला, "बास. आपण वकील बदलू." मीही तेच ठरवून आले होते.

दुसऱ्या दिवशी मी मल्लेश्वरमला गेले आणि उभ्याउभ्याच म्हटलं, "अक्का, माझे कागद द्या. मला दुसरा वकील करायचाय."

त्या उठल्या. आत गेल्या, फाइल आणली, कपाटातून एक कोरा कागद काढला आणि वकील बदलायला माझी हरकत नाही असं लिहून सही केली. मग आणखी एका चिठ्ठीवर एक नाव लिहिलं. "हिच्याकडे जा. माझ्यापेक्षा तरुण आहे, फोनही उचलते. वकील बदलायचा तुझा हक्क आहे. सगळ्यात आधीचा हक्क तो."

मला वाटलं होतं, भांडतील. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. मीच फाइल छातीशी धरून उभी राहिले, आणि शेवटी म्हटलं, "एवढं सांगा. आक्षेप का नाही घेतलात?"

अक्का खुर्चीत बसल्या. "काय म्हणून घेऊ? काय म्हणू? की बाईसाहेब, हे हात बघू नका? तेच तर ते म्हणतायत गे. बघण्यासारखे नाहीत असं. मी उभी राहिले असते तर त्यांचंच म्हणणं माझ्या तोंडून झालं असतं."

मी समोरच्या खुर्चीच्या कडेला टेकले.

"संध्याकाळी मी कोर्टाची नोंद जाऊन बघितली. काय लिहिलंय माहीत आहे? 'साक्षीदारानं हात दाखवले.' बस्स. पुढं काही नाही. बाईसाहेबांना पुढं लिहिण्यासारखं काही दिसलंच नाही."

मग त्या एरवीपेक्षा अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "पण तुला आधी सांगायला हवं होतं. तो असं विचारणार हे मला माहीत होतं. तुला सांगितलं असतं तर तू रात्रभर झोपली नसतीस, म्हणून नाही सांगितलं. हे मी ठरवायचं नव्हतं. हात तुझे. चुकलं माझं."

इतकी वर्षं वकिली केलेल्या त्या बाईनं ते 'चुकलं माझं' इतकं सरळ म्हटलं की माझा सगळा राग कुठं जाऊन बसला कोणास ठाऊक. मॅनेजरनं, मालकानं, काचेच्या ऑफिसातल्या वकिलानं, कोणीच मला ते दोन शब्द म्हटले नव्हते. मी फाइल टेबलावर ठेवली. त्यांनी ती लगेच उचलली नाही. "नक्की?" म्हणून विचारलं. मी हो म्हटल्यावर हरकत नसल्याचा तो कागद स्वतः फाडला नाही, माझ्या हातात दिला. मी फाडला.

पुढची तारीख मॅनेजरच्या साक्षीची होती. तो चांगला सूट घालून आला होता. अक्कांनी त्याची आधी तब्येत विचारली, दुकान कसं चाललंय ते विचारलं. मग म्हणाल्या, "मॅनेजरसाहेब, गिऱ्हाइकांच्या तक्रारी येत होत्या असं तुम्ही सांगितलंत. कोणत्या गिऱ्हाइकाची?"

"अनेक कस्टमर्सची."

"एकाचं नाव सांगा."

"नाव... असं लेखी कोणी दिलं नाही."

"तोंडी?"

"तोंडी पण... असं कोणी बोलत नाही मॅडम. चेहऱ्यावरून कळतं."

"कोणाच्या चेहऱ्यावरून?"

"कस्टमरच्या."

"कस्टमर त्या वेळी काय बघत होती?"

"बांगडी."

"आणि तुम्ही?"

मॅनेजर, बहुधा विचार न करता, खरं बोलला. "मी हिच्या हातांकडे बघत होतो."

अक्का लगेच खाली बसल्या. "आणखी प्रश्न नाहीत." न्यायाधीश बाईंनी पहिल्यांदाच पेन खाली ठेवून मॅनेजरकडे नीट बघितलं. मला त्या क्षणी त्याची दया आली, आणि परतताना मी तसं अक्कांना म्हटलंही. त्या म्हणाल्या, "यायलाच हवी. साहेबांच्या खुर्चीत बसून आलीयस तू."

निकाल माझ्या बाजूनं लागला. मला त्याच पदावर, त्याच काउंटरवर परत घ्यावं असा हुकूम झाला. कंपनी वरच्या कोर्टात जाणार असं ऐकत होतो, पण गेली नाही. का ते कळलं नाही. नितीननं ऑफिसात मिठाई वाटली. अक्कांकडे पेढे घेऊन गेले तर त्यांना ताप होता, दार उघडून पेढे घेतले आणि "उद्यापासून वेळेवर जा, उशीर करतेस तू" एवढं बोलून दार लावलं.

परत गेले त्या पहिल्या आठवड्यांबद्दल मी कोणाला फारसं सांगत नाही. मला कोपऱ्यातला काउंटर मिळाला. बरोबरीच्या मुली प्रेमानं वागायच्या, पण जपून, मी काचेची असल्यासारख्या. मॅनेजर मला बघितलं की फोन कानाला लावायचा. आणि काही गिऱ्हाइकं खरंच माझ्यासमोरून उठून पलीकडे जायची. प्रत्येक वेळी मला वाटायचं, मालकाच्या खुर्चीत बसून मी जे बोलले होते ते खोटं नव्हतं. अक्कांना सांगितलं तर म्हणाल्या, "निकालानं लोक कसे बदलतील? तुझी जागा हलणार नाही, एवढंच निकालात आहे. बाकीचं तू आणि ते बघा."

अक्का आता वकिली करत नाहीत. गुडघे जिने चढू देईनात, तशा म्हैसूरला बहिणीकडे राहायला गेल्या. मी दोनदा जाऊन आले. फोन तिथंही उचलत नाहीत. बहीण उचलते आणि 'ती नाही म्हणते' असं त्यांच्यादेखतच सांगते. पण त्यांची आठवण निघाली की मला त्या म्हैसूरच्या घरातल्या आठवत नाहीत, व्हरांड्यातल्याही नाहीत. मल्लेश्वरमच्या बस स्टॉपवरच्या आठवतात.

कामावर परत जाऊन बरेच महिने झाले होते. सुट्टीच्या दिवशी मी मुद्दाम त्यांना गाठायला गेले तर त्या बाजारातून निघून बसची वाट बघत उभ्या होत्या. मी धापा टाकत सांगितलं, "अक्का, काल एक आजी आल्या होत्या दुकानात."

"मग?"

"नातीचं लग्न. काठी टेकत सरळ माझ्यासमोर येऊन बसल्या, हात पुढं केला. मी पिशवी चढवली, मोराच्या नक्षीची बांगडी भरली. त्या बघत बसल्या. खूप वेळ. अक्का, माझा जीव नुसता वरखाली. म्हटलं आता नजर माझ्या हातांवर येणार, आता उठणार."

"उठल्या?"

"उठल्या! पण बोलून उठल्या. म्हणाल्या, छे, हा मोर आहे का? कोंबडी दिसते नुसती. आणि गेल्या समोरच्या दुकानात."

अक्का क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग हसायला लागल्या. मी त्यांना असं हसताना कधी बघितलं नव्हतं. चष्मा घसरला, भाजीची पिशवी खाली टेकवावी लागली, स्टॉपवरची माणसं वळून बघायला लागली. "अय्यो," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "कोंबडी म्हणून गेली! मोराला नावं ठेवून गेली!" आणि माझे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन, हसतच, हलवत राहिल्या.

बस आली. मी त्यांना वर चढवलं. बस सुटली आणि पुढच्या सिग्नलला थांबली. खिडकीतून त्यांचं डोकं बाहेर आलं, आणि भर रस्त्यात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी मला विचारलं, "खरंच कोंबडीसारखा दिसत होता का गे?"

"हो अक्का!" मी ओरडले. "अगदी कोंबडीच!"